मदत हवी आहे: पिठोरीला शाळेत आईवडिलांचा कार्यक्रम

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, मुलांनी आईवडिलांचा मान करावा असा छोटा कार्यक्रम ठरतोय. पिठोरीला मातृदिन म्हणतातच, पण मला वडिलांनाही त्यात घ्यायचंय. दक्षिण कोरियातही ८ मेचा मातृदिन १९७३ पासून पालकदिन झाला. मुलं आईवडिलांच्या छातीवर कार्नेशनचं फूल लावतात. आपल्याकडे शेवंती किंवा अबोली चालेल!

चौसष्ट योगिनींची पूजा घरी होते, ती शाळेत नको असं मला वाटतं. वर्गात ख्रिस्ती मुलंही आहेत. पण खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून आई मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" (अतीत म्हणजे अतिथी) आणि मागून लेकरू म्हणतं, "मी!" एवढा प्रसंग मात्र ठेवायचाच आहे. त्या एका शब्दासाठी मुलं किती आतुर असतात!

अडचण अशी की एका मुलीची आई नाही, ती आजीकडे राहते. दोघांचे बाबा बोटीवर असतात, कधी येतील सांगता येत नाही. कुणाचंही तोंड त्या दिवशी उतरू नये. आजी, मामा, शेजारची काकू, ज्याने वाढवलं त्याला बोलवा असं चिठ्ठीत कसं लिहावं? पेडणे, सत्तरीकडे पिठोरीला काय करतात तेही सांगा. कुणी शाळेत असा कार्यक्रम केला असेल तर कृपया लिहा, चिठ्ठ्या याच आठवड्यात घरी पाठवायच्या आहेत.