दुपारी घाटात पद्मिनी बंद पडते, नवी गाडी का पडत नाही?

वाई_नाका: मंडळी, जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, 1089 सीसी, कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मूळचाच. साताऱ्यात सपाटीवर तक्रार नाही. पसरणी घाटात दुपारी निम्म्यावर गचके, मग बंद. अर्ध्या तासाने चालू होते. इंजेक्शनची गाडी तिथेच एसी लावून चढते. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बसवावा का?

कॉइल_पॉइंट: पंपाला हात लावण्याआधी स्पार्क, म्हणजे प्लगची ठिणगी, बघा. बंद पडल्या पडल्या प्लगची वायर काढून, इन्सुलेशनला धरून, टोक ब्लॉकपासून 5 मिमीवर ठेवा आणि स्टार्टर मारायला सांगा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. निळा, कडक स्पार्क आला तर दोष पेट्रोलचा. पिवळट, मरतुकडा आला तर ठिणगी तयार करणारी कॉइल किंवा कंडेन्सर तापून बसतोय. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 0.4 ते 0.5 मिमीत आहे ना, तेही बघून घ्या.

जेट_115: लक्षणं व्हेपर लॉकची, म्हणजे वाफेने पेट्रोल अडण्याची, वाटतात. पद्मिनीचा पंप इंजिनलाच चिकटलेला, तो पेट्रोल ओढतो. ओढलं की दाब कमी, वर उष्णता. पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ हलवत बसतो. नव्या गाडीत पंप टाकीत बुडालेला, मागून साधारण 3 बार दाबाने ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. पारदर्शक फिल्टर लावा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी पाच मिनिटांत चालू झाली तर निदान पक्कं.

इलेक्ट्रिक पंप शेवटी. आधी पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या आणि पंपाखालचं जाड फायबर पॅकिंग शाबूत आहे का बघा. पंप बसवायचाच तर टाकीजवळ, कमी दाबाचा. इंजेक्शनचा लावलात तर पेट्रोल अडवणारी नीडल उचलून कार्ब्युरेटर वाहील.

वाई_नाका: स्पार्क निळा, फिल्टरमध्ये बुडबुडे. ई20 पेट्रोलचा संबंध आहे का?

जेट_115: आहे. त्यातल्या 20 टक्के इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला फक्त भोक कळतं. मेन जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावर) 115 असेल तर भोक 1.15 मिमी. एक नंबर वर, 120, लावून प्लगचा रंग बघा: पांढरा म्हणजे अजून पातळ, काळा म्हणजे जास्त झालं. घाटावरची पाचगणी साधारण 1,300 मीटरवर, तिथे हवा विरळ म्हणून मिश्रण आपोआप थोडं घट्ट होतं. म्हणून जेट साताऱ्यातच ठरवा.

जुने रबरी पाइपही बदला, जे30आर9 छापलेले घ्या. पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालूच करू नका.

ड्रम_ब्रेक: उतरण्याचंही बघा. चारही चाकांना ड्रम. तापले की फुगून शूपासून दूर जातात, पेडल खाली खाली जातं. दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. न्यूट्रल नको, चावी बंद करून तर मुळीच नको. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. डीओटी 3 प्रतीचं ऑइल कोरडं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर 140 ला.