निरीक्षणगृहात झालेला अत्याचार, इतक्या वर्षांनी तक्रार होते का?

प्रश्न: मी १५ वर्षांचा असताना एका केसमुळे निरीक्षणगृहात (गुन्ह्याच्या केसमधल्या मुलांना ठेवतात तिथे) होतो, २०१६ ला. तिथल्या एका कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केला, तेव्हा भीतीने कुणालाच बोललो नाही. आता उशीर झाला का? आणि माझी जुनी केस परत उकरली जाईल का, हीच जास्त धास्ती आहे

उत्तर १: नाही झाला रे उशीर. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, मुलगा असो वा मुलगी, आणि तक्रारीला मुदत नाही. सांभाळायला ठेवलेल्या माणसानेच केलं तर कायदा ते जास्त गंभीर धरतो. एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येते, झिरो एफआयआर म्हणतात, तिथलंच ठाणं गाठायची गरज नाही

उत्तर २: मारहाण, छळ पण असेल तर तेही सांग, त्यासाठी जेजे अ‍ॅक्ट २०१५ (बाल न्याय कायदा) चं कलम ७५ आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो

उत्तर ३: जुन्या केसचं टेन्शन घेऊ नकोस, त्या वयातल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता लागत नाही, जेजे अ‍ॅक्टचं कलम २४ बघ. तुझं नाव मीडियात छापायलाही बंदी आहे. आधी आठवतंय तेवढं लिहून काढ, तारखा, खोली, सोबतची मुलं. एका दिवसात नाही जमलं तरी चालेल, आणि जबाबाला जाताना जवळचं कुणीतरी सोबत ने