आतड्यातले जिवाणू वाढवून मायचा डिमेन्शिया कमी होईल का?

रावेरचा केळीवाला:
माझी माय ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी जळगावला अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या (विसरण्याच्या आजाराच्या) एका प्रकाराचं निदान झालं, तेव्हापासून रात्री डोनेपेझिलची गोळी चालू आहे. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली, तर माय तिलाच विचारते, "तू कोन शे व?" बहीण न्हाणीत जाऊन रडली. आणि त्याच दुपारी मायने चुलीपुढे बसून पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवला आणि खापरावर अलगद टाकला. कुठे फाटला नाही. पोटच्या पोरीचं नाव गेलं, पण हाताला मांडा येतोय. तेव्हापासून मला सारखं वाटतं, आत अजून पुष्कळ शिल्लक आहे.

आता नात्यातल्या एकाने जिवाणूंच्या कॅप्सूल आणून दिल्यात. महिन्याला ३,२०० रुपये. म्हणतो, पोटात चांगले जिवाणू गेले की डिमेन्शिया उलटतो, मग डॉक्टरची गोळी बंद करून टाक. मायला तीन-तीन दिवस संडासला होत नाही, म्हणून मलाही ते पटायला लागलंय. कोणाला खरं माहीत असेल तर सांगा.

धुळ्याची मॅडम:
दादा, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पोटाचा आणि मेंदूचा संबंध आहे, त्यात खोटं काही नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता कमी असते, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांना २०१७ मध्ये दिसलं. २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या शास्त्रज्ञांनी अशा रुग्णांचे जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडले, तर त्या उंदरांची स्मरणशक्ती ढासळली.

पण उपचार म्हणून हातात काय आहे? इराणमध्ये ६० रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. त्यात १२ आठवडे जिवाणू घातलेलं दूध दिलं आणि चाचणीतले गुण थोडे वाढले. एवढ्या कमी माणसांवरून औषध ठरत नाही. चीनने २०१९ मध्ये समुद्री शेवाळापासून केलेल्या एका औषधाला अटींवर परवानगी दिली. ते आतड्यातल्या जिवाणूंमार्फत काम करतं असा दावा होता. त्याची इतर देशांतली मोठी चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावरच थांबवली गेली. "उलटतो" असं आजवर कोणीही दाखवलेलं नाही, आणि तुम्हाला तसं सांगणाऱ्याचा मला राग येतो.

अन्नातल्या तंतूंचं (फायबरचं) मात्र ऐका. लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या ३६ जुळ्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला १२ आठवडे जिवाणूंना खाद्य होणारी तंतूंची पूड दिली. त्यांना स्मरणाच्या चाचणीत जास्त गुण पडले (२०२४). ही माणसं डिमेन्शियाची नव्हती, तेव्हा मायला तसाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. पण हे खाद्य तुमच्या घरातच आहे: कांदा, लसूण, ज्वारी, डाळी. कच्च्या केळ्यातला बराच स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तो पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतो. रावेरच्या माणसाला केळी कुठून आणायची हे मी काय सांगू!

सिस्टर, अमळनेर:
भाऊ, गोळी स्वतःहून बंद करू नका. माझ्या सासऱ्यांची आम्ही केली होती, महिन्याभरात ते घरातली मोरी ओळखेनासे झाले. दुसरं, पोट तुंबलं की म्हातारं माणूस जास्तच भांबावतं. आधी पाणी बघा. या आजारात तहान लागली तरी माणूस मागत नाही, आपणच दर तासाला पेला हातात द्यायचा. आणि बी-१२ जीवनसत्त्व व थायरॉईड तपासलंय का? दोन्हींच्या कमतरतेने विसरणं वाढतं, आणि त्याला औषध आहे.

रावेरचा केळीवाला:
ताई, सिस्टर, दोन महिन्यांनी लिहितोय. कॅप्सूल परत केल्या. बी-१२ फारच कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. सकाळी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, दुपारी ताक, दोनदा कच्च्या केळ्याची भाजी आणि दर तासाला पाणी. पोट आता एक दिवसाआड साफ होतं, रात्रीचं उठून दार उघडणं कमी झालंय. बहिणीचं नाव अजून येत नाही. दिवाळीला ती येणार आहे, मांड्याची कणीक मळायला दोघींना शेजारी बसवणार आहे.