मदत हवी आहे: ‘फोर हॉर्समेन’ डेक आणि स्लो प्लेची वॉर्निंग, नेमकी रेघ कुठे?

तेरावं_पान
मंडळी, मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या लेगसी (जुनी कार्डंही चालणारा प्रकार) स्पर्धेत ‘फोर हॉर्समेन’ उतरवायचा आहे. आरईएल, म्हणजे नियमांच्या कडकपणाची पातळी, कॉम्पिटिटिव्ह. हा डेक (कार्डांचा संच) माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात:

बेसाल्ट मोनोलिथ टॅप केला (कार्ड आडवं करून वापरलं) की ३ मना (खर्चायची ऊर्जा) मिळतो आणि तोच ३ मना भरून मोनोलिथ पुन्हा अनटॅप (सरळ) होतो. हाती काहीच उरत नाही. पण टेबलावर मेस्मेरिक ऑर्ब असेल तर प्रत्येक अनटॅपला माझं एक कार्ड मिल होतं, म्हणजे लायब्ररीच्या (न ओढलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या) वरून ग्रेव्हयार्डात (वापरलेल्या कार्डांच्या ढिगात) जातं. म्हणजे हवी तेवढी लायब्ररी ग्रेव्हयार्डात ओतता येते. नार्कोमीबा मिल झाले की फुकटात टेबलावर येतात. तीन नार्कोमीबा सॅक्रिफाइस करून (बळी देऊन) ड्रेड रिटर्नचा फ्लॅशबॅक (ग्रेव्हयार्डातूनच कार्ड वापरणं), त्याने शारूम टेबलावर, शारूमने ब्लास्टिंग स्टेशन, आणि स्टेशनने एकेक नार्कोमीबा उडवून डॅमेज. एम्राकुल (द इऑन्स टॉर्न) ग्रेव्हयार्डात पडला की अख्खं ग्रेव्हयार्ड लायब्ररीत शफल होतं, म्हणून चक्र थांबत नाही. नार्कोमीबा ४, एम्राकुल, ड्रेड रिटर्न, शारूम आणि स्टेशन एकेकच, शिवाय कबाल थेरपी (नाव घेतलेलं कार्ड खेळाडूच्या हातातून टाकायला लावणारी).

डेकमधलं एकही कार्ड लेगसीत बॅन नाही, तरी ‘हा खेळलास की स्लो प्लेची (संथ खेळाची) वॉर्निंग ठरलेली’ असं सगळे म्हणतात. शॉर्टकट (तीच कृती दर वेळी न करता ‘इतक्या वेळा केली’ असं सांगणं) कुठपर्यंत चालतो? एम्राकुलने शफल झाल्यावर पुन्हा मिल सुरू केलं तर वॉर्निंग मिळते का? आणि टेबलावर नेमकं बोलायचं काय?

स्टॅकवरचा_पाहुणा
सरसकट वॉर्निंग नाही. या कॉम्बोचे तीन भाग आहेत आणि गोची फक्त मधल्या भागात आहे.

पहिला भाग नार्कोमीबा टेबलावर आणण्याचा. एम्राकुल दिसेपर्यंत एकेक कार्ड मिल करा. तो पडला की त्याचा शफलचा ट्रिगर (आपोआप होणारा परिणाम) स्टॅकवर (परिणामांच्या ढिगावर; शेवटी आलेला आधी लागू) जातो. तो लगेच रिझॉल्व्ह (लागू) होऊ देऊ नका. लायब्ररीत ३० कार्डं उरली असतील तर म्हणा: “एम्राकुलचा ट्रिगर स्टॅकवर ठेवून मोनोलिथ ३० वेळा टॅप-अनटॅप करतो, ऑर्बचे ३० ट्रिगर त्याच्यावर चढवतो आणि ते सगळे आधी रिझॉल्व्ह करतो.” आकडा ठरलेला, शेवटही ठरलेला: लायब्ररी रिकामी, लायब्ररीतले सगळे नार्कोमीबा टेबलावर. मग एम्राकुल शफल करतो, नार्कोमीबा जागेवरच राहतात. लायब्ररी रिकामी झाली म्हणून घाबरू नका. रिकाम्या लायब्ररीतून ड्रॉ करायची वेळ आली तर हरता, मिल करून कोणी हरत नाही.

उलटं मात्र करू नका. एम्राकुल येण्याआधीच ५० ट्रिगर चढवून ठेवले, तर तो जिथे पडेल तिथे त्याचा ट्रिगर उरलेल्या ट्रिगरांच्या वर बसतो आणि मधेच शफल होतं.

दुसरा भाग खरा त्रासाचा. ड्रेड रिटर्न सॉर्सरी (स्टॅक मोकळा असतानाच वापरता येणारं कार्ड) आहे, त्यामुळे एम्राकुलचा ट्रिगर स्टॅकवर असताना ते कास्ट करता येत नाही. म्हणजे ड्रेड रिटर्न, शारूम आणि स्टेशन ही तिन्ही कार्डं एम्राकुलच्या आधी ग्रेव्हयार्डात पडायला हवीत. या भागात ट्रिगर अजिबात चढवू नका. एक अनटॅप, एक मिल, स्टॅक मोकळा, मग पुढचं. तिन्ही पडली की लगेच थांबा आणि कास्ट करा. ट्रिगर स्टॅकवर शिल्लक असतील तर तिन्ही कार्डं डोळ्यांसमोर असूनही हात बांधलेले राहतात.

तिसरा भाग मारण्याचा. स्टेशन इन्स्टंट स्पीडला (स्टॅक मोकळा नसतानाही) चालतं. प्रत्येक फेरीत एम्राकुलचा ट्रिगर धरून ठेवायचा, सगळी लायब्ररी मिल करायची आणि येणारा प्रत्येक नार्कोमीबा लगेच स्टेशनवर सॅक्रिफाइस करायचा. पुढचा आला की स्टेशन अनटॅप होतं. फेरीला ४ डॅमेज, २० लाइफला ५ फेऱ्या. एम्राकुलचा ट्रिगर सोडण्याआधी चारही गेलेले हवेत. टेबलावर राहिलेला नार्कोमीबा शफलमध्ये जात नाही, मग पुढच्या फेरीत तो पुन्हा येणार कुठून?

गणिती_गोगलगाय
दुसऱ्या भागाचा हिशेब सोपा आहे. चार कार्डांपैकी एम्राकुल सगळ्यात शेवटी यायला हवा. एकेकच प्रत असेल तर शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. बाकी लायब्ररीत किती कार्डं आहेत याने काही फरक पडत नाही. १० प्रयत्नांत एकदाही न जमण्याची शक्यता सुमारे ५.६ टक्के, २० प्रयत्नांत ०.३ टक्के. मग ‘जमेपर्यंत करतो’ असा शॉर्टकट जजने का मान्य करू नये? कधी ना कधी जमणारच ना!

काळा_शर्ट
@गणिती_गोगलगाय, हाच युक्तिवाद टूर्नामेंट रूल्सच्या कलम ४.४ मध्ये नाव घेऊन बाद केला आहे. निर्णयाच्या फांद्या, संभाव्यता किंवा गणिती अभिसरण यांवर अवलंबून असलेल्या लूपला (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या चक्राला) शॉर्टकट नाही. ०.३ टक्के म्हणजे शून्य नव्हे.

त्याच कलमातलं पुढचं वाक्य या डेकच्या मुळावर येतं. असा लूप हाताने खेळतानाही आधीची गेमस्थिती (महत्त्वाच्या सर्व बाबतींत तीच) पुन्हा आली की थांबावंच लागतं. आता मोजा. पहिल्या भागानंतरचं शफल झालं तेव्हा चार नार्कोमीबा टेबलावर नव्याने आले होते, म्हणजे स्थिती बदलली. इथून दुसऱ्या भागाचा एक प्रयत्न पूर्ण वैध. त्यात एम्राकुल आधी आला आणि पुन्हा शफल झालं, की टेबलावर तेच चार नार्कोमीबा, लायब्ररीत तीच कार्डं, समोरच्याचं काहीच हललेलं नाही. इथे थांबायचं. क्रम वेगळा लागला असेल हे खरं, पण तो कोणालाच माहीत नाही, म्हणून तो फरक धरत नाहीत.

तरीही चालू ठेवलं तर आयपीजीच्या (चुका आणि शिक्षांच्या नियमपुस्तिकेच्या) ३.३ प्रमाणे स्लो प्ले, म्हणजे वॉर्निंग. सामना वेळेबाहेर गेला तर दोघांना एकेक जादा टर्नही मिळतो. टूर्नामेंट एररमध्ये (स्लो प्ले याच गटात येतो) त्याच प्रकारची दुसरी वॉर्निंग गेम लॉस होते. घड्याळ संपवायच्या हेतूने केलं असं दिसलं तर ते स्टॉलिंग, आणि त्याला थेट डिसक्वालिफिकेशन. स्लो प्लेला हेतू लागत नाही. हा फरक खेळाडू नेहमी विसरतात.

जज म्हणून टेबलाजवळ उभं राहिल्यावर दोनच प्रश्न विचारावेत: “किती वेळा?” आणि “शेवटी टेबल कसं दिसेल?” दोन्हींची उत्तरं मिळाली तर शॉर्टकट. एकाचंही नाही मिळालं तर हाताने खेळू द्यायचं आणि शफलवर लक्ष ठेवायचं. पहिल्याच शफलला उडी मारणारे जज मला चुकीचे वाटतात, कारण तेव्हा स्थिती बदललेली असते.

तिसऱ्या भागात दर फेरीला समोरच्याचं लाइफ ४ ने उतरतं, त्यामुळे जुनी स्थिती परत येत नाही आणि थांबायची सक्ती नाही. तिथेही शफल आहे म्हणून शॉर्टकटचा हट्ट धरू नका. एक फेरी नीट खेळून दाखवलीत की समोरचा बहुतेक वेळा हार मानून हात पुढे करतो.

तेरावं_पान
आभार! आता कोडं सुटायला लागलं. म्हणजे टर्नला २५ टक्क्यांचा एकच प्रयत्न? मग थेरपीचा उपयोग काय? आणि एम्राकुल सुरुवातीच्या हातातच आला तर?

स्टॅकवरचा_पाहुणा
थेरपी म्हणजे जादा प्रयत्न. ती ग्रेव्हयार्डात पडली आणि एम्राकुल अजून आला नसेल तर एक नार्कोमीबा देऊन फ्लॅशबॅक करा. थेरपी एक्झाइल होते (खेळाबाहेर जाते), समोरच्याच्या हातातलं कार्ड जाऊ शकतं, म्हणजे स्थिती खरंच बदलली. अशा थेरप्या मोजक्याच, म्हणून हे अनंत चालत नाही. पुढचा टर्नही नवी सुरुवात असते. समोरच्याने पाच पर्मनंट (टेबलावरची कार्डं) अनटॅप केले तर ऑर्बने त्याचीही पाच कार्डं मिल होतात.

एम्राकुल हातात आला तर रडू नका, उलट हा डेकचा सगळ्यात देखणा खेळ. लायब्ररीत एम्राकुल नाही म्हणजे शफलच नाही. अख्खी लायब्ररी आकडा सांगून मिल करा, चारही नार्कोमीबा टेबलावर. तीन देऊन ड्रेड रिटर्न, शारूम, स्टेशन. उरलेला चौथा देऊन थेरपीचा फ्लॅशबॅक, टार्गेट स्वतः, नाव ‘एम्राकुल’. तो टाकला जातो, ग्रेव्हयार्ड शफल होतं आणि तिसरा भाग सुरू. शक्यतेचा प्रश्नच नाही. डेकमध्ये नार्कोमीबा ३ ठेवावेत की ४, याचं उत्तरही इथेच आहे: तीन ठेवले तर एक हातात आला की ड्रेड रिटर्नच अडतं.

काळा_शर्ट
टेबलावरच्या बारीकसारीक गोष्टी:

शॉर्टकटची वाक्यं कागदावर लिहून आणली तर ती गेम चालू असताना बघता येत नाहीत. दोन गेमच्या मधे चालतं. त्यामुळे पाठ करा.

लेगसीत ग्रेव्हयार्डाचा क्रम बदलता येत नाही. ‘महत्त्वाची’ तीन कार्डं काढून वर ठेवायची सवय असेल तर मोडा.

शफलनंतर डेक दर वेळी समोरच्यापुढे ठेवा. ढीग करून कार्डं मोजणं फक्त गेमच्या सुरुवातीला एकदाच.

नार्कोमीबाचा ट्रिगर तोंडाने बोला. आठवण करून देणं समोरच्याचं काम नाही.

स्पर्धेच्या सकाळी पहिल्या राउंडआधी हेड जजला गाठून दुसऱ्या भागाबद्दल विचारा. ‘महत्त्वाच्या बाबतींत तीच स्थिती’ कशाला म्हणायचं हे शेवटी तेच ठरवणार. फ्लोअर जजचा निर्णय पटला नाही तर तो पूर्ण ऐकून घ्या आणि मग अपील करा. या चर्चेत एका मिनिटाहून जास्त वेळ गेला तर टाइम एक्स्टेन्शन मागून घ्या. राउंड ५० मिनिटांचा असतो आणि या डेकला त्यातलं प्रत्येक मिनिट लागतं.

तेरावं_पान
एकच शेवटचं. दुसऱ्या भागात थांबायला लागलं की टर्न सोडायचा, की आणखी काही करता येतं?

काळा_शर्ट
मिलचा लूप थांबवायचा, टर्न नव्हे. चार नार्कोमीबा १/१ (ताकद १, टिकाव १) फ्लाइंग आहेत. आधीच्या टर्नपासून टेबलावर असतील तर अटॅक करा.