तळहातांच्या घामासाठी नस कापल्यावर हृदयाच्या ठोक्यांवर काय परिणाम होतो?

माणदेशी_धावक :
नमस्कार. माझे वय 22 असून मी माण तालुक्यात राहतो आणि सैन्यभरतीची तयारी करतो. शाळेत असल्यापासून माझ्या दोन्ही तळहातांना इतका घाम येतो की हाताखाली रुमाल धरल्याशिवाय पेपर लिहिता येत नसे, आणि आता बीमला लटकून पुल-अप्स काढताना हात सटकतात. झोपेत मात्र हात कोरडे असतात. वैद्यकीय तपासणीत हा घाम अपात्रतेचे कारण ठरू शकतो, असे समजल्यामुळे मी एका शल्यचिकित्सकांना भेटलो. छातीत दुर्बीण घालून दोन्ही बाजूंची सिंपथेटिक नस कापावी, म्हणजे हात त्याच दिवशी कोरडे होतील, असे त्यांनी सांगितले. हृदयाविषयी विचारल्यावर ‘काही होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. माझी सकाळची नाडी मिनिटाला 52 च्या आसपास असते. ती आणखी कमी होईल का, आणि सोळाशे मीटरच्या धावण्यावर त्याचा परिणाम होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भूलशास्त्र :
अशा शस्त्रक्रियांना भूल देण्याचे काम मी करतो, त्यामुळे नस कापली जाते त्या क्षणी मॉनिटरवर नाडी खाली येताना पाहिलेली आहे. ‘काही होत नाही’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. परिणाम होतो; बहुतेकांना तो जाणवत नाही, एवढेच.

सिंपथेटिक नसांची साखळी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या मुळांवरून खाली उतरते. तळहातांच्या घामग्रंथींना आदेश देणारे तंतू या साखळीच्या छातीतील वरच्या भागातून जातात, आणि हृदयाचा वेग व आकुंचनाचा जोर वाढवणारे तंतूही मज्जारज्जूच्या छातीतील पहिल्या चार-पाच पातळ्यांवरून निघून त्याच भागातून वर चढतात. त्यामुळे हातासाठी साखळी तोडताना हृदयाच्या नसपुरवठ्याचा काही हिस्साही तुटतो. परिणामाचे स्वरूप नाडी व रक्तदाब उतरवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळीच्या सौम्य मात्रेसारखे असते : विश्रांतीतील नाडी थोडी उतरते, आणि जोराच्या व्यायामात ती जिथपर्यंत चढायची तिथपर्यंत चढत नाही. नाडी मंद ठेवणारी व्हेगस नस मात्र शाबूत असल्यामुळे तिचे पारडे जड होते.

धावण्याची क्षमता त्याच प्रमाणात घटते, असे नाही. ठोके कमी झाले की दोन ठोक्यांमधला अवधी वाढतो, हृदय अधिक भरते आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडते. शिवाय मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचा नसपुरवठा छातीच्या खालच्या भागातून येत असल्याने त्यांचे अ‍ॅड्रेनलिन हे नाडी वाढवणारे संप्रेरक रक्तातून हृदयापर्यंत पोहोचतच राहते. म्हणूनच निरोगी तरुणांच्या व्यायामक्षमतेत फारसा फरक आढळत नाही. तथापि, जो सेकंदांसाठी धावतो त्याने ‘फारसा’ या शब्दावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे.

आता तुमच्या 52 विषयी. अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स’ने 2011 मध्ये या शस्त्रक्रियेबाबत तज्ज्ञांचे एकमत प्रसिद्ध केले. त्यात योग्य रुग्णाचे वर्णन करताना विश्रांतीतील नाडी 55 पेक्षा कमी नसावी, असे म्हटले आहे. त्रास 16 वर्षांच्या आत सुरू झालेला असणे, वय 25 पेक्षा कमी असणे आणि झोपेत घाम न येणे या बाबतींत तुम्ही त्या वर्णनात बसता. नाडीच्या बाबतीत बसत नाही. नियमित धावणाऱ्यांची नाडी मंद असणे हा आजार नव्हे, हे खरे. पण सरावाने नाडी मंद झालेली असो किंवा मूळच्या दोषाने, शस्त्रक्रिया त्या मंदपणात भरच घालते. आधी ईसीजी, चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारे होल्टर आणि ट्रेडमिल तपासणी करून हृदयरोगतज्ज्ञांचे लेखी मत घ्यावे. अशा शस्त्रक्रियेनंतर नाडी फार मंदावून कायमचा पेसमेकर बसवावा लागल्याचे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. असे क्वचितच घडते. तरी ज्याची नाडी आधीच मंद आहे त्याने ते वाचून सोडून देऊ नये.

आणखी एक गोष्ट, थोडी अवांतर. हृदयावर परिणाम व्हावा म्हणूनच ही साखळी तोडण्याची परंपरा जुनी आहे. 1916 मध्ये बुखारेस्टचे शल्यचिकित्सक तोमा योनेस्कू यांनी हृदयशूळासाठी असे केले, कारण हृदयाच्या वेदनेचे संदेशही याच वाटेने जातात. आणि 1971 पासून लाँग क्यूटी या हृदयाच्या विद्युत लयीच्या जन्मजात विकारात घातक लय टाळण्यासाठी डाव्या बाजूची साखळी तोडली जाते. एका रुग्णात ज्या परिणामासाठी आपण ही शस्त्रक्रिया करतो, तो दुसऱ्या रुग्णात होतच नाही, असे म्हणणे तर्काला धरून नाही.

कोरडे_हात :
माझी ही शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वी झाली. हात पूर्ण कोरडे आहेत आणि त्याबद्दल मी समाधानी आहे. नाडी पूर्वीपेक्षा थोडी कमी असते आणि जिने चढताना सुरुवातीला जडपणा वाटतो, पण काही वेळाने शरीर लयीत येते. मला खरा त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा : हातांचा घाम थांबला आणि पाठ, पोट व मांड्यांचा वाढला. उन्हाळ्यात सदरा दुपारपर्यंत ओला होतो, कपाळ मात्र कोरडे राहते. हृदयाइतकाच या भरपाईच्या घामाचाही विचार करावा, कारण तो अनेकांना होतो आणि गणवेशात तो अधिक जाचेल.

माणदेशी_धावक :
आपण दोघांनी सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. डॉक्टरसाहेब, नस न कापता तिच्यावर क्लिप लावली, तर त्रास झाल्यास ती काढता येते, असेही मला सांगण्यात आले होते. तसे केल्यास हृदयाचा धोका टळतो का?

भूलशास्त्र :
क्लिप लावली तरी हृदयाकडे जाणारे संदेश तुटतातच. ती काढल्यावर नस पूर्ववत होईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्यामुळे निर्णय घेताना हा बदल कायमचा आहे, असेच धरून चालावे. पातळीने मात्र फरक पडतो. दुसऱ्या बरगडीवर साखळी तोडल्यास हृदयाचे अधिक तंतू तुटतात, शिवाय वरच्या गँग्लियनला, म्हणजे नसेच्या गाठीला, इजा होऊन पापणी खाली उतरण्याचा धोकाही वाढतो. तळहातांसाठी तिसरी किंवा चौथी बरगडी निवडली जाते; चौथीवर हात थोडे ओलसर राहू शकतात, पण भरपाईचा घाम कमी येतो. कोणत्या बरगडीवर काम करणार, हे शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारावे. शस्त्रक्रिया झालीच, तर पुढे रक्तदाबासाठी कोणी बीटा-ब्लॉकर सुचवल्यास किंवा पुन्हा कधी भूल घ्यावी लागल्यास ही माहिती न चुकता द्यावी, आणि भरतीच्या वैद्यकीय मंडळापासूनही ती लपवू नये.

त्वचा_आणि_आपण :
त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला असे विचारावेसे वाटते की, शस्त्रक्रियेच्या आधीचे उपाय झाले आहेत का? तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही. थायरॉइडची तपासणी करून घ्या. त्यानंतर 20 टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण रात्री पूर्ण कोरड्या तळहातांना लावून सकाळी धुणे, हा पहिला उपाय. त्याने भागले नाही, तर आयन्टोफोरेसिस, म्हणजे नळाच्या पाण्यात तळहात ठेवून 15 ते 20 मिलिअँपिअरचा सौम्य विद्युतप्रवाह सोडणे. सुरुवातीला आठवड्यातून तीनेक वेळा, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटे हे करावे लागते आणि फरक टिकवण्यासाठी पुढेही अधूनमधून चालू ठेवावे लागते. चिकाटी हवी, पण याने हृदयाच्या नसांना धक्का लागत नाही. बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा परिणाम काही महिने टिकतो, मात्र हाताची पकड तात्पुरती सैल होऊ शकते, त्यामुळे बीमच्या चाचणीच्या तोंडावर ती घेऊ नयेत.

ऑक्सिब्युटिनिन किंवा ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्यांनी नाडी उलट वाढते, तोंड कोरडे पडते आणि साऱ्या अंगाचा घाम कमी होतो. उन्हात धावणाऱ्याचे शरीर घामानेच थंड राहते, त्यामुळे माणच्या उन्हाळ्यात या गोळ्या घेऊन मैदानावर उतरणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण आहे.