प्रिझर्व्हेटिव्ह घालूनही शॅम्पू तीन आठवड्यांत बिघडला, लोशनच्या झाकणाला काळे ठिपके... चुकतंय कुठे?

साबणाचा_फुगा

नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहितेय. माझ्या ८ वर्षांच्या मुलीची टाळू फार कोरडी, कुठलाही विकतचा शॅम्पू लावला की दुसऱ्या दिवशी खाजवत बसते, म्हणून गेले काही महिने घरीच सौम्य शॅम्पू आणि अंगाला लावायचं लोशन करून बघतेय. केस छान धुतले जातात, प्रश्न टिकण्याचा आहे.

शॅम्पू २०० ग्रॅमचा केला. डेसिल ग्लुकोसाइड ४० ग्रॅम, कोको बीटेन ३० ग्रॅम (हे दोन्ही फेस करून मळ काढणारे), कुंडीतल्या कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून ६० ग्रॅम, बाकी उकळून गार केलेलं पाणी, घट्टपणाला चिमूटभर झँथन गम आणि शेवटी टिकण्यासाठी पोटॅशियम सॉर्बेट छोटा अर्धा चमचा. दोन आठवडे मस्त चालला आणि परवा बाटली उलटी केली तर आधी मधासारखी येणारी धार एकदम पाण्यासारखी भस्सकन पडली, आणि वास म्हणाल तर रात्रभर ओलं राहिलेल्या फडक्यासारखा. घट्ट करायला मीठ घालून बघितलं, ढिम्म फरक नाही.

लोशनमध्ये पाणी, बदाम तेल, इमल्सिफायिंग वॅक्स (तेल-पाणी एकत्र धरणारं मेण) आणि टिकायला म्हणून व्हिटॅमिन ई च्या दोन कॅप्सूल. त्याच्या झाकणाला आतून काळे ठिपके आलेत पण लोशन वरून पांढरंशुभ्र आहे. झाकण पुसून वापरलं तर चालेल का?

ग्रॅममध्ये_बोला

नाही चालणार. दोन्ही टाका, बाटल्यांसकट.

आता प्रश्न. शॅम्पूचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) किती होता? अर्धा चमचा म्हणजे किती ग्रॅम? चमचा हे माप नाही हो, पावडर भुसभुशीत असली की एक ग्रॅम आणि दाबून बसली की दोन. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या आधी, बाकी सगळं नंतर.

हिरवीगार

ताई घाबरू नका, आणि त्या केमिकल प्रिझर्व्हेटिव्हच्या मागे तर अजिबात लागू नका. मी टी ट्री ऑइलचे १०-१२ थेंब आणि ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट घालते, माझं लोशन दोन दोन महिने टिकतं, कधी बुरशी नाही की वास नाही. पॅराबेन नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हबद्दल तर वाचलंच असेल सगळ्यांनी.

बीकर_आणि_बत्ती

मी फॉर्म्युलेशनच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

फुगाताई, तुमचं सॉर्बेट बहुतेक कामालाच लागलं नाही. सॉर्बेट काय किंवा सोडियम बेंझोएट काय, ही क्षारं आहेत, जंतूंच्या पेशीत शिरून काम करतं ते त्यांचं आम्ल रूप, आणि किती भाग आम्ल रूपात राहणार हे पूर्णपणे पीएचवर ठरतं. सॉर्बिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला अर्धा भाग आम्ल रूपात असतो तो आकडा) ४.७६ आणि बेंझोइकचा ४.२. म्हणजे पीएच ५ ला सॉर्बेटचा साधारण ३६ टक्के भाग कामाचा, बेंझोएटचा जेमतेम १४ टक्के. पीएच ६ ला तेच ५ आणि दीड टक्का. आणि ७ ला सॉर्बेट अर्धा टक्का, बेंझोएट तर विचारूच नका. तुम्ही वजन बरोबर केलं असतं तरी ७ च्या वर ते घातलं काय आणि न घातलं काय.

आता डेसिल ग्लुकोसाइड मुळात येतं तेच ११-१२ पीएचचं, ते घातलं की सगळं मिश्रण वर जातं. तुम्ही सायट्रिक ॲसिडचा उल्लेखच केलेला नाही त्यामुळे माझा अंदाज की तुमचा शॅम्पू ८ च्या पुढे असणार. मुलीची टाळू खाजायला तेही एक कारण असू शकतं, त्वचेचा स्वतःचा पीएच ५ च्या आसपास असतो. सर्फॅक्टंट (फेस करून मळ काढणारा घटक) कितीही सौम्य घ्या, पीएच चुकला की सौम्यपणा गेला.

त्यात कोरफडीचा ताजा गर. जंतूंना पाणी, साखर, खनिजं असं सगळं ताटात वाढून दिलंय तुम्ही, आणि मिक्सरच्या पात्यात काय काय असतं देव जाणे. पाणी उकळून घेतलंत पण २०० ग्रॅममधला ६० ग्रॅम गर कच्चाच. धार पातळ झाली ना, तेही बहुधा जंतूंचंच काम, झँथन त्यांनी खाल्ला असणार. पातळ होणं, वास बदलणं, पीएच आपोआप सरकणं या तीन गोष्टी दिसल्या की बाटली फेकायची, वास घेत बसायचं नाही. आणि दिसत नाही म्हणजे नाही असंही नसतं. आयएसओचं प्रमाण आहे की सौंदर्यप्रसाधनात एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त १००० जंतू, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आणि डोळ्यांजवळ लावायच्या वस्तूत १००. लाखभर जंतू असले तरी लोशन पांढरंशुभ्रच दिसतं.

हिरवीगार यांना, राग मानू नका, पण दोन महिने बुरशी दिसली नाही हा काही पुरावा नाही. खऱ्या चाचणीत स्टॅफ, ई. कोलाय, स्युडोमोनास, कँडिडा आणि ॲस्परजिलस असे पाच जंतू मुद्दाम घालून २८ दिवस मोजत बसतात. टी ट्री ऑइल जंतू मारेल एवढं घातलं तर कातडीलाही त्रास होऊ शकतो, आणि बाटली जुनी होऊन तेलाचं ऑक्सिडेशन झालं की ॲलर्जीची शक्यता वाढते ती वेगळी. ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्टची गंमत तर अशी की बाजारातले नमुने तपासले तेव्हा ज्यांचा जंतूंवर परिणाम होत होता त्यांच्यात बेंझेथोनियम क्लोराइडसारखे कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह सापडले. ज्यांच्यात ते नव्हते त्यांचा परिणामही नव्हता. म्हणजे नैसर्गिक म्हणून आपण तेच घेतोय, फक्त किती ते माहीत नसताना.

व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, बस. जंतूंशी त्याचा काही संबंध नाही.

हिरवीगार

बरं, मुद्दा समजला, एक्स्ट्रॅक्टचं हे माहीत नव्हतं. पण मग पॅराबेन चांगले म्हणायचे का?

खाजरी_बोटं

मी सांगते माझं. पॅराबेन नको म्हणून मी "पॅराबेन फ्री" लिहिलेलं एक लोशन आणलं, सहा महिने वापरलं, आणि बोटांच्या बेचक्यांत असं काही उठलं की रात्री झोपेत खाजवून रक्त यायचं. स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट लावली, ४८ तासांनी पट्ट्या काढल्या तर एकच चौकोन लालबुंद, मिथाइलआयसोथायाझोलिनोन, तेही एक प्रिझर्व्हेटिव्हच. पॅराबेनचा चौकोन साफ कोरा. घरी येऊन बाटली वाचली तर घटकांच्या शेवटून दुसरं नाव तेच.

नंतर कळलं की पॅराबेनची बदनामी झाल्यावर अनेकांनी याच्याकडे उडी मारली आणि इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की २०१३ साली अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला वर्षाचा ॲलर्जन ठरवलं. युरोपात आता लावून ठेवायच्या वस्तूत बंदीच आहे, धुऊन टाकायच्या वस्तूत ०.००१५ टक्के. आणि २०१९ ला त्याच सोसायटीने पॅराबेनला "नॉन-ॲलर्जन" म्हटलं. हसावं की रडावं!

बीकर_आणि_बत्ती

पॅराबेन काही राक्षस नाहीत. २००४ मध्ये स्तनाच्या गाठींत ते सापडल्याचा एक छोटा अभ्यास आला, त्यात ते गाठीचं कारण आहेत असं सिद्ध झालं नव्हतं, पण बातमी तशीच पसरली. युरोपात मिथाइल आणि इथाइल अजून चालतात, एकट्याला ०.४ टक्के, प्रोपाइल आणि ब्युटाइलला ०.१४. आयसोप्रोपाइल, आयसोब्युटाइल वगैरे पाच मात्र २०१४ मध्ये बंद केले. पण घरी करणाऱ्याला पॅराबेन पाण्यात विरघळवणं कटकटीचं, शिवाय पॉलिसॉर्बेट ८० सारखं काही फॉर्म्युल्यात असलं की ते त्यांना अडकवून निकामी करतं. म्हणून मी लोशनला फेनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्झिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण सांगेन, एकूण वजनाच्या १ टक्का. पीएचवर फारसं अवलंबून नाही. फेनॉक्सीइथेनॉलची मर्यादा १ टक्का आहे, बुरशीवर ते जरा कमजोर, म्हणून जोडीदार लागतो.

आणि त्या काळ्या ठिपक्यांचं, फुगाताई, लोशन गरम असतानाच झाकण लावलं होतं ना? वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात, त्या थेंबात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, बुरशी पहिली तिथेच बसते. तुमच्याकडे तर खालीही काही नव्हतं. पूर्ण गार झाल्यावर झाकण लावायचं, तोवर स्वच्छ कापड नाहीतर टिश्यू टाकून ठेवा.

साबणाचा_फुगा

हो हो, गरमच भरलं होतं, आणि वर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये! पीएचच्या पट्ट्या मागवल्या, फेकायच्या आधी उरलेला शॅम्पू मोजला, साडेसात आला. आधी किती होता कोण जाणे. सायट्रिक ॲसिड खरंच नव्हतं घातलं, मला वाटलं ग्लुकोसाइड सौम्य म्हणजे तसंच चालतं.

आता परत करायचाय. सॉर्बेट ठेवू का बदलू? आणि मिठाने घट्ट का नाही झाला? माझ्या वहिनीचा तर होतो.

ग्रॅममध्ये_बोला

वहिनींच्यात एसएलईएस (नेहमीचा सल्फेट सर्फॅक्टंट) असणार. मीठ एसएलईएस आणि बीटेनच्या जोडीला घट्ट करतं, तेही एका टप्प्यापर्यंत, जास्त पडलं की परत पाणी. ग्लुकोसाइडला मिठाचं काही वाटत नाही, तिथे झँथनच. तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडा म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

दुसरं, तुमचा शॅम्पू वाटतो तितका सौम्य नाही. डेसिल ग्लुकोसाइड साधारण ५० टक्के ॲक्टिव्ह (खरा धुणारा भाग), म्हणजे ४० ग्रॅममधले २०. बीटेन ३० टक्के, म्हणजे ९. २९ ग्रॅम भागिले २००, साडेचौदा टक्के झाले. ८ वर्षांच्या पोरीला ८-९ टक्के पुष्कळ. ग्लुकोसाइड १६ ग्रॅम करा, बीटेन ३० च ठेवा, साडेआठ येतात. ग्लुकोसाइड जास्त झालं की केस गवतासारखे चरचरतात, बीटेन ते मऊ करतं.

आणि सल्फेट फ्री लिहिलेलं सगळंच सौम्य असतंय हेही डोक्यातून काढा, ओलेफिन सल्फोनेट सल्फेट फ्रीच आहे आणि चांगलंच कोरडं करतं.

बीकर_आणि_बत्ती

+१. सॉर्बेट ठेवा, बेंझोएट जोडीला घ्या. २०० ग्रॅमला सॉर्बेट ०.६ ग्रॅम, बेंझोएट १ ग्रॅम, आणि सोडियम फायटेट किंवा ईडीटीए ०.२ ग्रॅम, धातूंचे आयन अडकले की स्युडोमोनाससारखे चिवट जंतू ढिले पडतात.

क्रम महत्त्वाचा. हे तिन्ही आधी डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, मग ग्लिसरीनमधला झँथन, मग सर्फॅक्टंट हळू, फेस न काढता, आणि सायट्रिक ॲसिड सगळ्यात शेवटी, २० टक्क्यांचं द्रावण करून थेंबाथेंबाने. आधीच आम्ल करून त्यात बेंझोएट टाकलं तर पांढरे कण पडतात, मग ते विरघळत नाहीत. लक्ष्य ४.८ ते ५. घट्ट शॅम्पूत पट्टी थेट बुडवली तर वाटेल तो आकडा येतो, एक ग्रॅम शॅम्पू नऊ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात मिसळून मग मोजा. दुसऱ्या दिवशी परत मोजा.

कोरफड हवीच असेल तर प्रिझर्व्ह केलेली पावडर चिमूटभर, गर नको.

लोशनला तेलाचा आणि पाण्याचा भाग दोन्ही ७०-७५ अंशांपर्यंत, वीस मिनिटं तिथेच धरा, उडालेलं पाणी वजन करून भरा, मग ओतून ब्लेंडर लावा. एक गरम एक गार असलं की वॅक्स गोठतं आणि लोशन रवाळ होतं. ४० अंशांच्या खाली आलं की प्रिझर्व्हेटिव्ह.

टाळूवर पापुद्रे किंवा लाल चट्टे असतील तर मात्र शॅम्पू बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

साबणाचा_फुगा

डॉक्टरांना दाखवलं, नुसता कोरडेपणा म्हणाले.

काल केला. सर्फॅक्टंट घातल्यावर पट्टी गडद निळी, दहाच्या वर! सायट्रिकचे थेंब टाकत टाकत हात दुखला, आणि शेवटी अंदाज चुकून ४.१ वर उतरला. आता वर कसा आणू, खायचा सोडा घालू का?

ग्रॅममध्ये_बोला

सोडा फसफसतो. घरात ग्लुकोसाइड आहे ना, तेच थोडं थोडं घालून बघा, ते स्वतःच अल्कली आहे.

साबणाचा_फुगा

अरे हो! थोडं थोडं घालत गेले, ४.९ आला. आज सकाळी परत मोजला, ४.९ च. आता काट्यावर मोजून तारीख लिहून एक बाटली वापरायला आणि एक नुसती बघायला ठेवलीये, कपाटात, फ्रीजमध्ये नाही. फेस कमी झालाय म्हणून लेकीची कुरकुर चालू आहे.