विषय: आकाशकंदिलांची विक्री आणि पुण्यातील संस्थेला देणगी

प्रेषक: युवा विभाग समन्वयक

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आपल्या येथील, परदेशातील मंडळातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांनी यंदा दिवाळीपूर्वी स्वतः केलेले आकाशकंदील विकून येणारी रक्कम पुण्यातील एका बालगृहाला देण्याचे ठरवले आहे. मुलांचा उत्साह दांडगा आहे, मात्र किंमत किती ठेवावी आणि पैसे तिकडे कसे पोचवावेत, या दोन्ही बाबतींत आम्ही चाचपडत आहोत. पुण्यात परतलेल्या आणि आपल्या सोसायटीतील मुलांकडून दरवर्षी हे काम करवून घेणाऱ्या काकूंनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक: आजीव सभासद, कोथरूड, पुणे

स. न. वि. वि.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगते. रविवार पेठेतील बोहरी आळीतून आणलेला कागद, बुरूड आळीतील कामट्या, दोरा, खळ हे सगळे आईवडिलांनी पदरमोड करून आणून दिले, मुलांनी एकेक कंदील दीडशे रुपयांना विकला आणि सगळेच्या सगळे दीडशे रुपये देणगी म्हणून मांडले. नंतर हिशेब केला तेव्हा कळले, की एका कंदिलाला नव्वद रुपयांचे सामान लागले होते, म्हणजे मुलांच्या कष्टाचे साठच. उरलेले नव्वद पालकांचे होते आणि ते त्यांनी थेट संस्थेला दिले असते तरी चालले असते. तेव्हापासून सामानाचा खर्च आधी वजा होतो, आणि किमतीतील किती रुपये संस्थेला जाणार हे मुले कंदिलाच्या चिठ्ठीवर स्वतः लिहितात. ती चिठ्ठी वाचून पुष्कळ जण सुटे परत मागत नाहीत.

कंदील मात्र चांगलाच व्हायला हवा, कारण मुलांकडे पाहून घेतलेली वस्तू माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक येत नाही. कामट्या जिथे जुळतात तिथली गाठ सैल राहिली, की सांगाडा एका अंगाला कलतो आणि कागदाला सुरकुत्या पडतात. गेल्या वर्षी नववीतील एका मुलाने झिरमिळ्या लावून झालेला कंदील असाच कललेला पाहिला, कागद भिजवून सोडवला आणि सगळ्या गाठी पुन्हा मारल्या. त्या संध्याकाळी त्याचा एकच कंदील झाला. मला तो अजून डोळ्यांसमोर दिसतो.

पैसे पाठवण्याबाबत कृपया घाई करू नये. आपले मंडळ परदेशात नोंदलेले असल्यामुळे त्याची देणगी परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१० याखाली येते. ती घेण्यासाठी संस्थेकडे त्या कायद्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी यात मोडत नाही. ओसीआय कार्डधारकाची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या सभासदाची, मात्र मोडते. म्हणून मुलांचे पैसे एखाद्याच्या नातेवाइकाच्या खात्यावर पाठवून पुढे देण्याची पळवाट कोणी सुचवली, तर ती ऐकू नये, कारण त्यात अडचणीत येईल ते बालगृहच.

प्रेषक: युवा विभाग समन्वयक

आदरणीय काकू,

आपले पत्र मुलांना वाचून दाखवले. चिठ्ठीवरील रक्कम आम्ही मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणार आहोत. बालगृहाला नोंदणीबाबत आजच विचारले असून त्यांचे उत्तर येईपर्यंत देणगीची जाहिरात थांबवली आहे. गाठी मारण्याचा सराव मात्र या रविवारपासून सुरू होईल.